बोर्डाचा डिसीजन आला, आता पुढे काय? अमेरिकन पेटंट अपीलनंतरचे ६३ दिवस

पुण्या-मुंबईत बसून अमेरिकन पेटंट केसेसचं प्रॉसिक्युशन, म्हणजे अर्ज मंजूर होईपर्यंतचा पेटंट ऑफिसशी पत्रव्यवहार, सांभाळणारी आपली बरीच मंडळी आहेत, आणि तिकडे स्वतःच्या नावावर अर्ज असलेले मराठी इंजिनिअरही कमी नाहीत. ऑफिस ॲक्शनला (अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या, म्हणजे एक्झामिनरच्या, हरकतींच्या पत्राला) रिप्लाय कसा द्यायचा, फायनल रिजेक्शन आल्यावर काय करायचं, अपील ब्रीफ कसा बांधायचा, हे सगळं ट्रेनिंगमध्ये होतं. पण अपीलचा निकाल हातात पडल्यावर काय करायचं हा भाग बहुतेक ठिकाणी घाईघाईत उरकतात, आणि माझ्या मते केस हातची जायचा सगळ्यात मोठा धोका नेमका इथेच आहे. कारण ऑफिस ॲक्शनमध्ये कसं, सरळ लिहिलेलं असतं की इतक्या महिन्यांत उत्तर द्या नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरू. सगळे क्लेम (आपण नेमका कशावर हक्क मागतोय ती क्रमांकित वाक्यं) अफर्म झालेल्या, म्हणजे एक्झामिनरचा नकार कायम ठेवलेल्या, डिसीजनमध्ये मात्र तुमच्याकडे कुणी काही मागतच नाही. डिसीजन येतो, पॅनलच्या जजेसची नावं असतात, शेवटी एक शब्द असतो, आणि त्या दिवसापासून घड्याळ सुरू झालेलं असतं. मुदत संपली की अर्ज आपोआप बंद.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. हे सगळं अमेरिकेच्या पेटंट ऑफिसबद्दल, म्हणजे यूएसपीटीओबद्दल आहे, आणि त्यातही एक्स पार्टे अपीलबद्दल, म्हणजे एक्झामिनरने क्लेम दोनदा रिजेक्ट केले म्हणून अर्जदार पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डाकडे गेला त्याबद्दल. २०१२ च्या सप्टेंबरपासून या बोर्डाला हे नाव आहे, सगळे त्याला पीटॅब म्हणतात. आपल्याकडे भारतात रचना पूर्ण वेगळी आहे, इथे २०२१ मध्ये आयपीएबी, म्हणजे बौद्धिक संपदा अपील मंडळ, बंद झालं आणि कंट्रोलरच्या नकारावर कलम ११७अ खाली थेट हायकोर्टात जावं लागतं, तीन महिन्यांची मुदत. त्यामुळे दोन्हीकडच्या केसेस एकाच डॉकेटमध्ये (मुदतींच्या नोंदवहीत) असतील तर मुदतींची सरमिसळ होऊ देऊ नका.

आता डिसीजन वाचायचा कसा. माझी पद्धत अशी की शेवटून सुरुवात करायची. शेवटच्या पानांवर डिसीजन समरी नावाचा तक्ता असतो, त्यात कुठले क्लेम, कुठल्या कलमाखाली, कुठल्या रेफरन्सवर (आधीच्या पेटंटवर किंवा लेखावर), अफर्म्ड कुठले, रिव्हर्स्ड (नकार रद्द झालेले) कुठले, आणि असला तर न्यू ग्राउंडचा, म्हणजे बोर्डाने स्वतःहून घातलेल्या नव्या कारणाचा, कॉलम. तो तक्ता जसाच्या तसा आपल्या फाइलमध्ये उतरवा आणि प्रत्येक क्लेमसमोर त्याचं स्टेटस लिहा. सगळे क्लेम, पेंडिंग असलेले, विथड्रॉन असलेले (तपासणीतून बाजूला ठेवलेले), फक्त ऑब्जेक्ट केलेले, एकही सोडू नका, कारण खाली सांगतोय तो सापळा नेमका सुटलेल्या क्लेममध्येच असतो.

तक्ता वाचताना दोन नियम डोक्यात पाहिजेत. पहिला, एका क्लेमवर तीन रिजेक्शन होती, बोर्डाने दोन रिव्हर्स केली आणि एक अफर्म केलं, तर तो क्लेम गेला. कुठल्याही एका ग्राउंडवर अफर्म झालं की त्या क्लेमपुरतं एक्झामिनरचं म्हणणं कायम. कधी कधी बोर्ड असंही म्हणतं की कलम १०१ (विषय पेटंट देण्याजोगाच नाही) अफर्म केलंय म्हणून कलम १०३ (शोध उघड आहे) कडे आम्ही वळतच नाही, तेव्हा ते न तपासलेलं १०३ मेलेलं नसतं, तुम्ही नवीन क्लेम घेऊन परत गेलात की एक्झामिनर ते तसंच पुढे करू शकतो. दुसरा नियम, ब्रीफमध्ये जे क्लेम वेगळ्या मथळ्याखाली वेगळे आर्ग्यू केले नव्हते ते सगळे ग्रुपमधल्या प्रातिनिधिक क्लेमबरोबर उभे राहतात किंवा पडतात. त्यामुळे डिसीजनमध्ये चर्चा फक्त क्लेम १ ची असली तरी तक्त्यात १ ते २० अफर्म्ड दिसले तर गोंधळून जाऊ नका, बोर्ड काही विसरलेलं नाही.

घड्याळं दोन आहेत, आणि ती एकत्र धरायची नाहीत

रिहिअरिंगची, म्हणजे बोर्डाकडेच फेरविचार मागायची, मुदत दोन महिने. न्यू ग्राउंड आलं असेल तर त्याला उत्तर द्यायचीही दोन महिने. कोर्टात जायची मुदत मात्र ६३ दिवस, आणि अफर्म झालेला अर्ज त्याच मुदतीच्या शेवटापर्यंत जिवंत असतो. लोक म्हणतात की ६३ दिवस म्हणजे दोन महिनेच की, आणि तिथेच घोळ होतो. समजा डिसीजनवर तारीख आहे १० मार्च २०२६, मंगळवार. दोन महिने म्हणजे १० मे, तो येतो रविवारी, म्हणून सोमवार ११ मे. ६३ दिवस म्हणजे १२ मे, मंगळवार. ६३ ला सातने भाग जातो त्यामुळे ही तारीख कायम डिसीजनच्याच वाराला पडते, म्हणजे मध्ये सरकारी सुट्टी आली नाही तर ढकलली जात नाही. इथे एकाच दिवसाचा फरक आहे, दुसऱ्या महिन्यात तीन-चार दिवसांचाही पडू शकतो, म्हणून डॉकेटमध्ये दोन्ही तारखा वेगवेगळ्या टाका. मोजायचं डिसीजनवरच्या नोटिफिकेशन डेटपासून. क्लायंटने किंवा अमेरिकेतल्या फर्मने तुम्हाला ईमेल कधी पाठवला याचा काही संबंध नाही.

आणि एक, पैसे भरून महिना-महिना मुदत वाढवायची जी सवय ऑफिस ॲक्शनमुळे लागलेली असते, रूल १.१३६(ए) वाली, ती इथे चालत नाही. डिसीजनच्या शेवटी तसं वाक्यच असतं. मुदतवाढ मागता येते पण कारण दाखवून आणि शक्यतो मुदत संपायच्या आत, आणि "क्लायंटचा निर्णय झाला नाही" हे कारण घेऊन जाऊ नये. शेवटच्या दिवशी फाइल करायची वेळ आलीच तर वेळ ईस्टर्न टाइमची मोजतात, म्हणजे उन्हाळ्यात तिथली मध्यरात्र आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला होते आणि हिवाळ्यात साडेदहाला. त्यावर अवलंबून राहू नका, पण माहीत असू द्या.

सगळं रिव्हर्स झालं तर

आनंद करा, पण बोर्डाने पेटंट दिलं असं समजू नका. बोर्डाने एवढंच सांगितलं की एक्झामिनरचं हे रिजेक्शन टिकत नाही. फाइल परत एक्झामिनरकडे जाते आणि दुसरी काही अडचण बाकी नसेल तर नोटीस ऑफ अलावन्स (मंजुरीची नोटीस) यायला हवी. बऱ्याच जणांना भीती असते की हरलेला एक्झामिनर आता नवीन सर्च करून दुसरे रेफरन्स आणेल. ऑफिसचं मॅन्युअल, एमपीईपी, याबाबत एकदम स्पष्ट आहे, कलम १२१४.०४ बघा: रिव्हर्सल म्हणजे आणखी चांगले रेफरन्स शोधून काढायचं आव्हान आहे असं एक्झामिनरने कधीच समजू नये, आणि मधल्या काळात केस दुसऱ्या एक्झामिनरकडे गेली असेल तर त्याने आधीच्या सर्चवर पूर्ण विश्वास ठेवावा. एखादा विशिष्ट रेफरन्स त्याला खरोखर माहीत असेल तर प्रॉसिक्युशन पुन्हा उघडायला टेक्नॉलॉजी सेंटरच्या डायरेक्टरची परवानगी लागते. म्हणजे दार बंद नाही, पण किल्ली एक्झामिनरकडे नाही. रिव्हर्सलनंतर परत रिजेक्शन आलं तर पहिल्यांदा ही परवानगीची सही ॲक्शनवर आहे का ते तपासा, नसेल तर मेरिट्सवर वाद घालायच्या आधी तोच मुद्दा काढा.

या टप्प्यावर दोन कामं विसरतात. एक, इलेक्शनमुळे (अर्जातला एकच शोध निवडायला लावल्यामुळे) विथड्रॉन ठेवलेले क्लेम, त्यातले जे अलाव होणाऱ्या क्लेमवर अवलंबून आहेत ते रिजॉइन करा, म्हणजे परत तपासणीत घ्या, म्हणून मागणी करा. दुसरं, आयडीएस, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या रेफरन्सची ऑफिसला द्यायची यादी. अपील चालू असताना बराच काळ जातो, तेवढ्यात युरोपात, भारतात, जपानमध्ये त्याच फॅमिलीच्या एक्झामिनेशनमध्ये नवीन रेफरन्स सायट झालेले असतात आणि अमेरिकेची फाइल थंड पडलेली असते म्हणून कुणी लक्ष देत नाही. डिस्क्लोजरची जबाबदारी पेटंट निघेपर्यंत चालू असते. अलावन्सनंतर आयडीएसला फी लागते आणि शिवाय एक स्टेटमेंट लागतं, की हे रेफरन्स परदेशी ऑफिसकडून तीन महिन्यांच्या आत पहिल्यांदा आले किंवा तीन महिन्यांच्या आधी कुणाला माहीत नव्हते. वर्षापूर्वीच्या रेफरन्ससाठी ते स्टेटमेंट देता येत नाही, मग आरसीईशिवाय (फी भरून तपासणी पुन्हा सुरू करायच्या मागणीशिवाय) मार्ग राहत नाही आणि जिंकलेली केस परत एक्झामिनरच्या टेबलावर जाते. म्हणून अपील पेंडिंग असतानाच आयडीएस अपडेट ठेवा.

सगळं अफर्म झालं तर

इथे शांतपणे बसून डिसीजन नीट वाचायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, आपण नेमके कशामुळे हरलो? माझ्या अनुभवात अफर्मन्स दोन जातींचे असतात आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर ठरतो.

पहिली जात म्हणजे बोर्ड म्हणतं की तुमचा युक्तिवाद क्लेमच्या शब्दांशी जुळत नाही. उदाहरण घ्या, क्लेम १ मध्ये पंप आहे, व्हायब्रेशन सेन्सर आहे आणि कंट्रोलर आहे. तुम्ही ब्रीफमध्ये म्हणालात की रेफरन्समधला सेन्सर बाहेर मोटरच्या फ्रेमवर लावलाय, आमचा आत इम्पेलरच्या हाउसिंगमध्ये आहे म्हणून त्याला कॅव्हिटेशन लवकर कळतं. बोर्ड म्हणतं, असेल, पण क्लेममध्ये सेन्सर कुठे आहे हे लिहिलेलंच नाही. ही वाईट बातमी वाटते पण खरं तर बोर्डाने तुम्हाला अमेंडमेंट हातात दिलीय. सेन्सरची जागा क्लेममध्ये घाला, स्पेसिफिकेशनमध्ये आधार आहे ना ते बघा, आणि आरसीई करा. अनपेक्षित परिणामांच्या बाबतीतही हेच, बोर्ड म्हणालं की तुमचा डेटा एका तापमानाचा आहे आणि क्लेमची रेंज त्याच्या दसपट रुंद आहे, तर रेंज आखडा किंवा रूल १.१३२ खाली नवीन डिक्लरेशन देऊन जास्त डेटा आणा.

दुसरी जात म्हणजे बोर्डाने वस्तुस्थितीचा निष्कर्ष काढला, की रेफरन्सच्या अमुक परिच्छेदात हाउसिंगच्या आतला सेन्सर दाखवलाच आहे. तिथे शब्द फिरवून उपयोग नाही, खरंच वेगळं काही सांगण्यासारखं असेल तरच पुढे जा.

मग रस्ते कुठले? रिहिअरिंग, आरसीई, कंटिन्युएशन (मूळ अर्जाचीच तारीख घेऊन टाकलेला नवा अर्ज), कोर्ट, किंवा सोडून देणं. सोडून देणं हाही निर्णय असू शकतो, पण तो क्लायंटकडून लेखी घ्या, मुदत उलटून झालेला नको.

रिहिअरिंगबद्दल माझं मत थोडं कडक आहे. यात बोर्डाने कुठला मुद्दा चुकीचा समजला किंवा नजरेआड केला हे नेमकं दाखवायचं असतं, नवीन युक्तिवाद किंवा नवीन पुरावा चालत नाही, अपवाद थोडे, जसं की मधल्या काळात आलेला कोर्टाचा किंवा बोर्डाचा निकाल. ब्रीफमधलंच परत जोरात सांगितलं तर काही होत नाही. पण एक बाबतीत रिहिअरिंग फार महत्त्वाचं आहे. बोर्डाने अफर्म म्हटलं पण कारण एक्झामिनरपेक्षा वेगळंच दिलं, तर ते लपलेलं न्यू ग्राउंड असू शकतं. २०११ च्या इन रे लाइथम या केसमध्ये असंच झालं होतं, डायपरमध्ये वापरायच्या फ्लफ पल्पचा विषय होता, एक्झामिनर म्हणत होता की रेफरन्समधला पल्प हा फ्लफ पल्पच आहे, बोर्डाने सूर बदलला की तो फ्लफ करता येण्यासारखा आहे, आणि फेडरल सर्किटने, म्हणजे पेटंट अपीलं ऐकणाऱ्या कोर्टाने, सांगितलं की रिजेक्शनचा रोखच बदललाय, अर्जदाराला उत्तराची संधी मिळाली नाही. अशा वेळी "हे न्यू ग्राउंड म्हणून जाहीर करा" ही मागणी वेळेत रिहिअरिंगमधूनच करावी लागते, नंतर नाही. म्हणून एक्झामिनर्स आन्सर (ब्रीफला एक्झामिनरने दिलेलं उत्तर) आणि डिसीजन शेजारी शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. रिहिअरिंग वेळेत फाइल केलं की कोर्टाचे ६३ दिवस रिहिअरिंगच्या निकालापासून मोजतात, हाही एक फायदा.

आरसीई हा सगळ्यात जास्त वापरला जाणारा रस्ता. अफर्मन्सनंतर, कोर्टात अपील किंवा दावा टाकायच्या आधी आणि ६३ दिवसांच्या आत, सबमिशन आणि फीसकट फाइल करायचा. फक्त लक्षात ठेवा की बोर्डाचा डिसीजन त्या अर्जात आणि त्याच्याशी संबंधित पुढच्या अर्जांतही लॉ ऑफ द केस, म्हणजे बंधनकारक, असतो. तेच क्लेम आणि फक्त नवीन आर्ग्युमेंट घेऊन गेलात तर रिजेक्शन हलणार नाही, वर पहिलीच ॲक्शन फायनल येऊ शकते. अमेंडमेंट पाहिजे किंवा नवीन तथ्यं पाहिजेत. फीचंही बघा, दुसरा आणि त्यापुढचा आरसीई पहिल्याच्या जवळपास दुप्पट पडतो. एक्झामिनरशी इंटरव्ह्यू घ्यायचा असेल तर आरसीई टाकून मग घ्या, प्रॉसिक्युशन बंद असताना मेरिट्सवर बोलायला तो बांधील नाही. आणि डिझाइन अर्ज असेल तर आरसीई लागूच होत नाही, तिथे सीपीए नावाचा वेगळा प्रकार आहे.

कंटिन्युएशनची अट एकच पण जीवघेणी: पॅरेंट (मूळ अर्ज) जिवंत असताना फाइल झाला पाहिजे. सगळं अफर्म झालेल्या अर्जाचे ६३ दिवस कोर्टात न जाता, आरसीई न करता संपले की प्रोसीडिंग टर्मिनेट होतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकलेल्या कंटिन्युएशनला पॅरेंटची तारीख मिळत नाही. मग तुमचाच पब्लिश झालेला पॅरेंट तुमच्याविरुद्ध प्रायर आर्ट (आधीच जाहीर झालेली माहिती) म्हणून उभा राहू शकतो. शिवाय १९ जानेवारी २०२५ पासून सर्वात जुन्या बेनिफिट तारखेपासून (ज्या जुन्या अर्जाचा आधार घेतलाय त्याच्या तारखेपासून) सहा वर्षं उलटून गेलेल्या कंटिन्युएशनला जास्तीची फी लागते आणि नऊ वर्षांनंतर आणखी जास्त. अपीलपर्यंत पोचलेल्या केसेस बहुधा जुन्याच असतात, त्यामुळे क्लायंटला आकडा सांगताना हे धरा.

अर्धं अफर्म, अर्धं रिव्हर्स

हा भाग दोनदा वाचा. अफर्म्ड इन पार्ट मध्ये काही क्लेम वाचले असतील तर अर्ज मरत नाही. तुम्ही काहीच केलं नाही तरी कोर्टाची मुदत संपल्यावर एक्झामिनर अफर्म झालेले क्लेम काढून टाकतो आणि उरलेल्यांवर पेटंट काढायला घेतो. इंडिपेंडंट क्लेम अफर्म झाला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या क्लेमवरची सगळी रिजेक्शन रिव्हर्स झाली, तर एक्झामिनर एकतर स्वतः अमेंडमेंट करून तो डिपेंडंट क्लेम स्वतंत्र रूपात लिहितो किंवा तुम्हाला दोन महिने देतो. ते दोन महिनेही पैसे भरून वाढत नाहीत, गेले तर तो क्लेमही गेला.

आता सापळा. समजा दोनच क्लेम आहेत. क्लेम १ रिजेक्टेड, क्लेम २ बद्दल एक्झामिनरने आधीच म्हटलं होतं की हा चालेल, फक्त रिजेक्ट झालेल्या क्लेमवर अवलंबून आहे म्हणून ऑब्जेक्शन आहे. तुम्ही क्लेम १ साठी अपील केलं आणि हरलात. सगळ्यांना वाटतं क्लेम २ तर खिशात आहेच. नाही. एमपीईपी १२१४.०६ प्रमाणे असा क्लेम रिजेक्ट झाल्यासारखाच धरतात आणि अर्ज अबँडन होतो. वरच्या परिच्छेदातला क्लेम बोर्डाने रिव्हर्स केला होता, हा क्लेम बोर्डासमोर गेलाच नव्हता, फरक एवढाच, पण परिणाम पूर्ण उलटा. चालण्यासारखा क्लेम एक ओळ न बदलल्यामुळे घालवायचा, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण उपाय अगदी साधा आहे: अपील चालू असतानाच, ब्रीफ दिल्यानंतरसुद्धा, डिपेंडंट क्लेम स्वतंत्र रूपात लिहायची अमेंडमेंट रूल ४१.३३ खाली देता येते. ते राहिलं असेल तर डिसीजननंतर ६३ दिवसांत आरसीईबरोबर तो क्लेम स्वतंत्र लिहून द्या.

काही क्लेम जिंकले आणि काही हरले असताना आरसीई करावा का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असंच असतं. जिंकलेले क्लेम पेटंटमध्ये जाऊ द्या आणि हरलेल्या विषयासाठी, बदललेल्या शब्दांत, कंटिन्युएशन टाका. आरसीई केला की प्रॉसिक्युशन परत उघडतं, नवीन सर्चला वाव मिळतो, आणि जे हातात आलं होतं ते कारण नसताना परत पणाला लागतं. वाचलेले क्लेम असल्यामुळे कंटिन्युएशनसाठी पॅरेंट इश्यू होईपर्यंत वेळही मिळतो.

न्यू ग्राउंड आलं तर

रूल ४१.५०(बी) खाली बोर्ड स्वतःहून नवीन रिजेक्शन घालू शकतं. तो डिसीजन त्या भागापुरता फायनल नसतो, त्यामुळे लगेच कोर्टात जाता येत नाही. दोन महिन्यांत दोनपैकी एक निवडायचं. एकतर प्रॉसिक्युशन उघडून त्या क्लेममध्ये अमेंडमेंट किंवा नवीन पुरावा द्यायचा, मग केस एक्झामिनरकडे जाते आणि अमेंडमेंटने किंवा पुराव्याने ते ग्राउंड दूर होत नाही तोवर ते एक्झामिनरला बंधनकारक असतं. किंवा त्याच रेकॉर्डवर रिहिअरिंग मागायचं. अमेंडमेंट नाही, पुरावा नाही, नुसतं आर्ग्युमेंट दिलं तर ते रिहिअरिंगची मागणी म्हणूनच धरतात. एकच डिसीजन काही भागात अफर्म आणि काही भागात न्यू ग्राउंड असा असेल आणि तुम्ही प्रॉसिक्युशन उघडलं, तर अफर्म झालेल्या भागाची कोर्टाची मुदत प्रॉसिक्युशन संपेपर्यंत पुढे जाते, पण ते प्रॉसिक्युशन संपल्यावर केस परत बोर्डाकडे पाठवून तो भाग फायनल करून घ्यायची आठवण तुम्हीच ठेवायची.

एआयवाल्यांनी एक्स पार्टे देजार्डिन्स जरूर बघावी. मशीन लर्निंग मॉडेलच्या ट्रेनिंगचे क्लेम होते, पॅनलने १०३ अफर्म केलं आणि वर स्वतःहून १०१ चं न्यू ग्राउंड घातलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑफिसच्या अपील्स रिव्ह्यू पॅनलने, स्वतः डायरेक्टर त्यात होते, ते १०१ रद्द केलं, आणि नंतर तो निकाल प्रीसिडेन्शियल (पुढच्या केसेसना बंधनकारक) केला. १०१ च्या वादात तो आता सगळीकडे वापरतात. पण त्या अर्जातलं १०३ तसंच उभं राहिलं. शिवाय या पॅनलकडे अर्जदाराला स्वतः अर्ज करता येत नाही, डायरेक्टर स्वतःहून बोलावतात, म्हणून त्यावर प्लॅन आखू नका.

कोर्ट

दोन दरवाजे आहेत आणि एकच उघडता येतो. कलम १४१ खाली वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किटमध्ये अपील, तिथे बोर्डासमोर होता तोच रेकॉर्ड चालतो. १९९९ च्या डिकिन्सन विरुद्ध झुर्को पासून वस्तुस्थितीच्या निष्कर्षांना कोर्ट बराच मान देतं, त्यामुळे तुमचा वाद कायद्याचा किंवा क्लेमच्या अर्थाचा असेल तर इथे दम आहे, रेफरन्समध्ये काय दाखवलंय एवढाच असेल तर अवघड. दुसरा, कलम १४५ खाली व्हर्जिनियाच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा. तिथे नवीन पुरावा देता येतो आणि त्यावर कोर्ट नव्याने विचार करतं, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कॅपोस विरुद्ध हायट मध्ये ते पक्कं केलं. पण तिथे हरा किंवा जिंका, ऑफिसचा खर्च अर्जदारावर असतो. २०१९ च्या पीटर विरुद्ध नांटक्वेस्ट मुळे ऑफिसच्या वकिलांचे पगार त्यात धरत नाहीत, हा मोठा दिलासा, तरी एकट्या इन्व्हेंटरला हा रस्ता जड जातो. १४१ निवडलं की १४५ चा हक्क गेला, आणि दोन्हीपैकी काहीही सुरू केलं की ते संपेपर्यंत आरसीई बंद, म्हणून आधी आरसीईचा विचार पूर्ण करा.

राहिली टर्म, म्हणजे पेटंटचा कालावधी. बोर्डाने रिव्हर्स केल्यामुळे पेटंट निघालं तर अपीलला लागलेले दिवस टर्म ॲडजस्टमेंटमध्ये मिळतात, केस बोर्डाच्या अखत्यारीत गेल्यापासून तुमच्या बाजूच्या फायनल डिसीजनपर्यंत. पण २०२२ च्या सॉस्टॉप विरुद्ध विडाल मध्ये फेडरल सर्किटने सांगितलं की एक्झामिनरचं ग्राउंड काढून बोर्डाने त्याच क्लेमवर नवीन ग्राउंड घातलं आणि मग क्लेम बदलून पेटंट मिळालं तर त्याला रिव्हर्सल म्हणत नाहीत. आणि २०२१ च्या चुडिक केसप्रमाणे एक्झामिनरने बोर्डाच्या डिसीजनआधीच प्रॉसिक्युशन परत उघडलं तर तेही दिवस मिळत नाहीत. फार्मा आणि मेडिकल डिव्हाइसच्या केसेसमध्ये या दिवसांना फार किंमत असते, तेव्हा पेटंट निघाल्यावर ऑफिसने छापलेला आकडा स्वतः मोजून बघा, चूक दिसली तर फेरविचाराची मागणी ग्रँटपासून दोन महिन्यांत करायची असते, आणि तीही तारीख डॉकेटला आधीच टाकून ठेवा.